मॉसबर्ग ५०० ला पिस्तूल ग्रिप नकोच

अमेरिकेत घेतलेल्या मॉसबर्ग ५०० या पंप शॉटगनला पिस्तूल ग्रिप (पिस्तुलासारखी उभी मूठ) बसवावी का, असं एकाने विचारलंय. माझं स्पष्ट मत, नको. हिच्या सेफ्टीचा (चुकून गोळी सुटू नये म्हणून असलेला) खटका रिसीव्हरवर, म्हणजे बंदुकीच्या मधल्या मुख्य भागावर, मागच्या बाजूला असतो, साध्या दस्त्यावर अगदी अंगठ्याखाली. उभी ग्रिप धरली की तिथवर पोचायला पकड सोडावी लागते. रेमिंग्टन ८७० या दुसऱ्या शॉटगनचं सेफ्टीचं बटण ट्रिगरच्या मागे आडवं, तिथे ही अडचण येत नाही.

तरी बसवायचीच असेल तर आधी चेंबर (गोळी झाडताना काडतूस असतं ती जागा) आणि मॅगझीन (बाकीची काडतुसं असतात ती नळी) रिकामं आहे ना, हे डोळ्यांनी आणि बोटानेही तपासा. दस्त्याचा बोल्ट रबरी पॅडमागे खोल असतो, लांब स्क्रूड्रायव्हर लागेल. आणि खांद्याचा दस्ता नसलेली नुसती ग्रिप तर घेऊच नका. १२ बोअरच्या काडतुसाचा सगळा धक्का मनगटावर येतो.