‘टॉल टेल’ला मराठीत काय म्हणावे?

अमेरिकेतील लाकूडतोड्यांच्या छावण्यांत सांगितल्या जाणाऱ्या ‘टॉल टेल’ म्हणजे अतिशयोक्तीने रंगवलेल्या गोष्टींचा मी अनुवाद करीत आहे. त्यांचा अवाढव्य नायक पॉल बन्यन याच्या निळ्या बैलाच्या दोन डोळ्यांमधले अंतर कुऱ्हाडीच्या ४२ दांड्यांएवढे असते. ‘टॉल टेल’साठी मी ‘दंतकथा’ लिहिले होते. संपादकांनी ते खोडून ‘थापा’ केले. मला दोन्ही पटत नाहीत. थाप मारणाऱ्याला समोरच्याला फसवायचे असते, तर दंतकथेवर सांगणाऱ्याचाच थोडाफार विश्वास असतो. हिवाळ्यात बोललेले शब्द हवेतच गोठले आणि वसंतात वितळून एकदम ऐकू आले, हे मात्र खरे नाही हे गंभीर चेहऱ्याने सांगणाऱ्याला आणि माना डोलावणाऱ्यांनाही पुरते ठाऊक असते.

— ‘बाता’ का नको? आमचे आजोबा शेकोटीपाशी शिकारीच्या गोष्टी सांगू लागले की आजी म्हणायची, “झाल्या यांच्या बाता सुरू”, आणि तरीही शेवटपर्यंत ऐकत बसायची.

— ‘बाता’ हिंदीतून आल्या. आपल्याकडे ‘लोणकढी’ असताना उसनवारी कशाला? लोणी नुकतेच कढवून केलेले तूप ते लोणकढे. त्यावरूनच नुकतीच रचलेली थाप लोणकढी झाली असावी, असे मी मानतो.

— तसे पाहिले तर ‘गप्पा’ फारसीतून आल्या. त्याही सोडायच्या का? शिवाय लोणकढीत फसवणूक आहेच. त्यापेक्षा महत्त्वाचे असे की, बन्यनला देशभर पोचवले ते रेड रिव्हर लंबर कंपनीच्या जाहिरात-पुस्तिकांनी. त्यांतली पहिली १९१४ची. अशा कथांना लोकसाहित्याचे अभ्यासक रिचर्ड डॉर्सन यांनी १९५० मध्ये ‘फेकलोर’, म्हणजे नकली ‘फोकलोर’ (लोकसाहित्य), म्हटले. त्यासाठी ‘कृतक लोककथा’ हा शब्द रूढ व्हावा.

— ‘कृतक’ कोणाला कळणार? ‘बनावट’ म्हणा. आणि जाहिरातींच्या आधीही बन्यनच्या गोष्टी छावण्यांत तोंडोतोंडी चालत होत्या, हे विसरू नये.

— आपल्या संग्रहात जॉन हेन्री असेल, तर कृपया त्याला ‘बाता’ म्हणू नका. वेस्ट व्हर्जिनियातील बिग बेंड बोगद्याशी जोडलेला हा कृष्णवर्णीय मजूर वाफेच्या यंत्राशी पैज लावून सुरुंगाची भोके पाडतो, जिंकतो आणि हातात घण असतानाच मरतो. त्याचे गाणे मजुरांनी घणाच्या ठेक्यावर म्हटले आहे. त्याला पोवाडाच म्हणावे लागेल.

— पोवाडा शाहीर डफावर, श्रोत्यांसमोर गातो. इथे घण मारणाराच गातो, आणि त्याच्या श्वासाने ओळ तुटते. ही श्रमगीते आहेत.

— जॉन हेन्री संग्रहात आहे. ‘श्रमगीत’ पुस्तकी वाटते. घण घालताना म्हणायच्या गाण्याला कामकरी माणसांचा स्वतःचा शब्द कोणी ऐकला आहे का?