मदत हवी आहे : घराण्याचं नाव लावूनच गाणारी सरदारकन्या बार्ड

मंडळी, आमच्या ग्रुपचं डन्जन्स अँड ड्रॅगन्सचं (टेबलाभोवती बसून पात्रं रंगवायचा खेळ) नवं कॅम्पेन, म्हणजे सलग चालणारी कथा, सुरू होतंय. पाचवी आवृत्ती, 2014 चे नियम, पहिल्या लेव्हलपासून. मी बार्ड (गाण्यातून जादू करणारं पात्र) घेतेय, बॅकग्राउंड, म्हणजे पात्राचं पूर्वायुष्य, नोबल (सरदार घराण्यातलं). असा बार्ड बहुतेक वेळा बापाशी भांडून पळालेला असतो. मला तसा नकोय.

कल्पना सुचली ती दक्षिण फ्रान्सच्या त्रुबादूर कवींवरून. ज्यांच्या रचना टिकल्या त्यांतला सर्वांत जुना त्रुबादूर म्हणजे अ‍ॅक्विटेनचा ड्यूक नववा विल्यम (1071–1126), स्वतःच राज्यकर्ता! ओतफोरचा सरदार बेरत्राँ द बोर्न तर गाण्यांतून युद्धाला चिथावणी द्यायचा. इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीच्या मुलाला बापाविरुद्ध भडकवल्याबद्दल दान्तेने त्याला नरकात दाखवलंय, स्वतःचं तुटलेलं डोकं हातात धरून चालताना. असल्या राजकीय, बोचऱ्या गाण्यांना सिरव्हेंतेस म्हणत. सरदार रचायचे आणि पुष्कळदा गावोगाव गायचा तो त्यांचा जोंग्लर.

माझी अझालाइस, अर्ध-एल्फ (अर्धी माणूस, अर्धी एल्फ), करिष्मा (छाप पाडण्याचा गुण) 17. तिने शेजारच्या सरदारावर असंच एक गाणं रचलं, तिच्या जोंग्लरने ते बाजारात गायलं आणि तो गायब झाला. वडिलांनी सैनिक पाठवले तर युद्ध पेटेल, म्हणून ती स्वतः त्याच्या शोधात निघालीय. जवळ शिक्क्याची अंगठी, वंशावळीची गुंडाळी आणि 25 सोन्याची नाणी. गाणं तिचं, शिक्षा दुसऱ्याला, हे तिला सहन होत नाही.

आता अडलंय ते इथे. नोबलच्या खास सवलतीमुळे बड्या लोकांची भेट सहज मिळते. मग प्रत्येक शहरात मीच बोलत राहणार आणि बाकीचे तिघे (चोरटा ‘रोग’, पुजारी क्लेरिक, लढवय्या फायटर) नुसते बसणार, ही मला खरी काळजी आहे. शत्रूच्या मुलखात तीच अंगठी दाखवणं धोक्याचं ठरावं, असं डीएमला (खेळ चालवणाऱ्याला) सुचवू का? तुमच्या टेबलावर हे कसं जमवलंत?

तिसऱ्या लेव्हलला बार्डची शाखा निवडायची असते, तिथे माझा कल कॉलेज ऑफ लोअरकडे आहे. त्यातलं कटिंग वर्ड्स (बोचऱ्या शब्दांनी शत्रूचा डाव बिघडवणं) तिच्यासाठीच बनल्यासारखं वाटतं. पण पुढे लढायला एकच फायटर, त्यामुळे कॉलेज ऑफ व्हॅलर या दुसऱ्या शाखेची ढाल आणि मध्यम चिलखतही खुणावतंय. स्पेल्समध्ये (जादूच्या मंत्रांत) व्हिशस मॉकरी (टोमण्याने इजा करणारा), हीलिंग वर्ड (जखम भरणारा) आणि डिसोनंट व्हिस्पर्स (कुजबुजीने शत्रूला पळवणारा) पक्के. चार्म पर्सन मात्र घ्यावंसं वाटत नाही. शब्दांनी माणसं हलवणारीने जादूने मन वळवणं मला पटत नाही. त्याच्याऐवजी फेअरी फायर (शत्रूंना प्रकाशाने उजळून टाकणारा मंत्र) चालेल?

आणि एक. आम्ही मराठीतच खेळतो. व्हिशस मॉकरीच्या वेळी खरोखर दोन ओळी म्हणायची माझी इच्छा आहे. कटाव या भरभर म्हणायच्या मराठी काव्यप्रकाराचा वेग त्याला शोभेल असं वाटतं. कुणी टेबलावर असं रचलं असेल, तर नमुना द्याल का?