बुवांचं तिकीट: मुंबई की बंगळूर?

सचिव:
मंडळी, आपल्या लंडनच्या गणपतीतल्या कीर्तनासाठी बेळगावच्या बुवांचा व्हिसा आला. तिकीट याच आठवड्यात काढायला हवं, नाहीतर दर चढतील. मागल्या वर्षीचा गोंधळ सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून आधीच विचारतो. मुंबई–लंडन साधारण 7200 किलोमीटर, साडेनऊ-दहा तास. बंगळूरहून 8000, म्हणजे तासभर जास्त. मी मुंबई धरतोय.

खानापूरकर:
तासाभराचं काय घेऊन बसलासा? बुवांचे गुडघे बघा की. सांबऱ्याचं, म्हणजे बेळगाव विमानतळावरनं सुटलेलं विमान मुंबईत सांताक्रूझच्या टर्मिनलला उतरलं, तर तिथून गाडीनं सहारच्या आंतरराष्ट्रीय टर्मिनलला जायचं, परत रांगा. त्यापेक्षा राणी चन्नम्मा एक्स्प्रेस. संध्याकाळी बेळगावात बसायचं, सकाळी बंगळूर. झोपून प्रवास. बुवा कानडी छान बोलतात, तिथं अडायचे नाहीत.

निपाणीकर काकू:
भाऊ, बंगळूर स्टेशनापासून देवनहळ्ळीचा विमानतळ पस्तीसेक किलोमीटर लांब, आणि सकाळचं ट्रॅफिक! बेळगावहून स्लीपर बसनं मुंबईला जाऊ देत. माझे सासरे तसेच आले.

खानापूरकर:
काकू, तुमचे सासरे निपाणीला चढले असतील. बेळगाव–मुंबई 500 किलोमीटर, त्यात कागल ते सातारा रुंदीकरणाचे खड्डे. भर पावसात सत्तरी उलटलेल्या माणसाला बसनं? मला पटत नाही.

कारवारकर:
किलोमीटर बाजूला ठेवा, तिकीट एक की दोन ते आधी ठरवा. सांबरा ते लंडनचं हीथ्रो एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंगवर असेल तर बॅग साधारणपणे थेट हीथ्रोला येते, आणि पहिलं विमान रखडलं तर पुढची सोय कंपनी लावते. वेगवेगळी तिकिटं घेतली की बॅग मध्ये उतरवून पुन्हा द्यायची. देशातल्या विमानाला बहुतेक 15 किलोच चालतात, वरचे पैसे वेगळे. सांबऱ्यावर पावसाळी ढग खाली आले आणि लंडनचं विमान चुकलं, तर अख्खं तिकीट बुडालं. व्हीलचेअर निदान 48 तास आधी सांगा, तिला पैसे पडत नाहीत. हे करा, मग मुंबई काय नि बंगळूर काय.

आणि बुवांना सांगून ठेवा, जायला जास्त वेळ लागतो. वरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणून परतीला साधारण तासभर वाचतो.

निपाणीकर काकू:
बॅगेवरून आठवलं. कुणी बुवांकडून कुंदा मागवू नका. भारतातून दुधाचे पदार्थ इथं आणायला बंदी आहे, आणि कुंदा म्हणजे आटवलेलं दूधच. विमानतळावर म्हाताऱ्या माणसाची बॅग उघडायला लावणं बरं नव्हे.

खानापूरकर:
मान्य. खरं प्रसादाचं आमची समिती ठरवते, दरवर्षी आम्हीच बघतो. कुंदा इथंच दूध आटवून करू. काकूंनी मोठी कढई तेवढी द्यावी.

सचिव:
तर मग एकच पीएनआर, मध्ये निदान चार तास, व्हीलचेअर. सांबऱ्याहून मुंबईमार्गे असं मिळालं तर तेच घेतो, नाहीतर बंगळूरमार्गे. बस आणि रेल्वे दोन्ही नको. एजंटशी आज रात्री बोलतो. खानापूरकर, बुवांच्या मुलाला फोन तुम्ही करा, तुमचं घरोब्याचं आहे.

निपाणीकर काकू:
कढई देते. हीथ्रोवर आणायला गाडी कुणाची? आमची मुलाकडे आहे.