वायुदलप्रमुख झालेल्या वैमानिकांपैकी कोणावर बोलू? (नववीची मुलं, ४० मिनिटं) – सल्ला हवा

इतिहासाची_बाई

नमस्कार मंडळी. मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. ८ ऑक्टोबरला वायुदल दिन असतो, त्या दिवशी नववीच्या मुलांसमोर बोलायचंय. विषय मुलांनीच दिलाय: "साधा पायलट पुढे अख्ख्या वायुदलाचा प्रमुख कसा होतो?" प्रश्न इतका छान आहे की उत्तरही तसंच द्यावंसं वाटतंय. मागच्या वर्षी एका सेनानींवर बोलले, तर पदकं आणि तारखा वाचून दाखवल्यासारखं झालं. मागच्या बाकावरची मुलं खिडकीबाहेर बघत होती. तेव्हापासून मनाला लागून राहिलंय.

यंदा एकच माणूस घ्यायचा आणि नीट सांगायचा असं ठरवलंय. भारतीय वायुदलातलाच हवा. कोण घेऊ, आणि त्याच्या आयुष्यातलं नेमकं काय?

निळी_टोपी

अर्जन सिंग. दुसरं नाव मनातही येत नाही.

जन्म १९१९, लायलपूरचा. इंग्लंडमधल्या क्रॅनवेलच्या वायुदल कॉलेजात प्रशिक्षण, १९३९मध्ये कमिशन, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणूक. १९४४मध्ये इंफाळच्या आघाडीवर १ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे (विमानांच्या तुकडीचे) प्रमुख, हरिकेन विमानं. तिथेच माउंटबॅटन यांनी स्वतःच्या हातांनी त्यांना डीएफसी हे हवाई शौर्याचं ब्रिटिश पदक लावलं. १५ ऑगस्ट १९४७ला लाल किल्ल्यावरून शंभराहून जास्त विमानं गेली, त्यांचं नेतृत्व यांचं. ऑगस्ट १९६४मध्ये वायुदलप्रमुख, तेव्हा वय फक्त ४५! २००२मध्ये मार्शल ऑफ द इंडियन एअर फोर्स. हा पंचतारांकित हुद्दा वायुदलात आजवर त्यांना एकट्यालाच मिळालाय.

शेवट करायला प्रसंगही आहे. जुलै २०१५मध्ये डॉ. कलामांचं पार्थिव पालम विमानतळावर आणलं, तेव्हा ९६ वर्षांचे अर्जन सिंग व्हीलचेअरवरून उठून उभे राहिले आणि सॅल्यूट केला. तो फोटो मुलांना दाखवाच.

मुक्काम_मराठवाडा

ताई, आपल्याकडचीही माणसं आहेत की! हृषीकेश मुळगावकर (१९४७-४८च्या काश्मीर युद्धासाठी महावीर चक्र, पुढे १९७६ ते ७८ वायुदलप्रमुख), अनिल टिपणीस, प्रदीप नाईक, आणि २०२१ ते २४ या काळात आमच्या नांदेड जिल्ह्यातले विवेक राम चौधरी. मराठी मुलांना मराठी नाव ऐकलं की "आपल्यालाही जमेल" असं वाटतं. मी स्वतः हे अनुभवलंय.

फिटर_काका

ताई, मी वायुदलात एअरफ्रेम फिटर होतो, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारा, १९७४ची भरती. आम्ही जमिनीवरची माणसं, त्यामुळे माझं उत्तर जरा वेगळं येईल.

वर सुचवलेली सगळी नावं आदरानेच घ्यायची आहेत. अर्जन सिंगांनी दिल्लीजवळची आपली शेती विकून आलेले २ कोटी रुपये वायुदलातल्या निवृत्तांच्या मदतीसाठी दिले, हे आमच्यातला कुणी विसरणार नाही. पण मुलांचा प्रश्न "प्रमुख *कसा* होतो" असा आहे. त्याचं उत्तर मला प्रतापचंद्र लाल यांच्यात सापडतं. पी. सी. लाल. १९७१च्या युद्धातले वायुदलप्रमुख. त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हा माणूस तरुणपणीच दिल्ली फ्लाइंग क्लबमध्ये विमान चालवायला शिकलेला. १९३९मध्ये वायुदलात आला, तर वाट्याला आलं नेव्हिगेटरचं काम. नकाशा, कंपास, वाऱ्याचा हिशोब. लढाऊ पायलट नंतर झाला, बर्मा आघाडीवर ७ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचं नेतृत्व केलं, डीएफसी मिळवलं. मधली काही वर्षं इंडियन एअरलाइन्स सांभाळली. १९६५च्या युद्धात उपप्रमुख होते, मग हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये गेले आणि तिथून १९६९मध्ये वायुदलप्रमुख होऊन परतले. उडणं, माणसं सांभाळणं, विमान कारखान्यात कसं बनतं ते बघणं, सगळं करून झालेलं.

आता मुद्द्याचं. १ सप्टेंबर १९६५, जम्मूजवळच्या छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे घुसले. संरक्षणमंत्री आपले यशवंतराव चव्हाण. वायुदल वापरायची परवानगी त्यांनी दुपारनंतर दिली आणि त्याच संध्याकाळी पठाणकोटहून विमानं उडाली. त्यात जुनी व्हॅम्पायर होती. पहिल्याच दिवशी चार पडली. व्हॅम्पायर लगेच आघाडीवरून काढून घेतली. पाचच दिवसांनी, ६ सप्टेंबरला, पठाणकोटच्याच तळावर पाकिस्तानच्या सेबर विमानांनी हल्ला केला आणि आपली दहाच्या आसपास विमानं उभ्या जागी जळाली. त्यात दोन मिग-२१, तेव्हा अगदी नवी.

ताई, विमान हवेत पडलं तर पायलट लढला असं तरी म्हणता येतं. धावपट्टीकडेला उभं विमान जळतं तेव्हा ज्यांनी रात्रभर बसून ते तयार केलं त्यांच्या पोटात काय होतं, ते आमच्या जुन्या सार्जंटांच्या तोंडून ऐकलंय. बोलता बोलता गप्प व्हायचे.

त्यानंतरच्या सहा वर्षांत सीमेजवळच्या तळांवर विमानांसाठी पेन बांधले गेले. जाड भिंती, वर काँक्रीटचं छप्पर, त्यावर माती आणि गवत. एका पेनमध्ये एक विमान. १९६५मध्ये लष्कराची तक्रार होती की मदत वेळेवर येत नाही. मग लष्कराच्या मुख्यालयांशेजारी वायुदलाचे अधिकारी बसवले, एकाच नकाशावर दोघं काम करायला लागले. लाल यांनी यात जातीने लक्ष घातलं.

३ डिसेंबर १९७१, संध्याकाळ. पाकिस्तानने अमृतसर, पठाणकोट, श्रीनगर अशा तळांवर एकदम हल्ला केला. काही धावपट्ट्यांना खड्डे पडले, ते बुजवले. पेनमधल्या लढाऊ विमानांना जवळपास धक्का लागला नाही, आणि त्याच रात्री आपली कॅनबेरा बॉम्बफेकी विमानं उलट हल्ल्याला निघाली. पूर्वेला ढाक्याची तेजगाव धावपट्टी काही दिवसांत अशी उखडली की तिथलं त्यांचं वायुदल जमिनीवरच अडकलं.

पायलट प्रमुख होतो म्हणजे काय, तर जळलेली विमानं तो सहा वर्षं डोळ्यांसमोरून हलू देत नाही. मुलांना हे सांगा.

निळी_टोपी

काका, पटलं. पण १९६५चा प्रमुख म्हणून तो वाईट दिवस अर्जन सिंगांच्या नावावर टाकायचा का? एकाला चूक आणि दुसऱ्याला शहाणपण, असं व्हायला नको.

फिटर_काका

अजिबात नको. त्या वेळी लाल त्यांचेच उपप्रमुख होते, दोघांनी ते एकत्रच सोसलं. आणि युद्धानंतरची जवळपास चार वर्षं अर्जन सिंगच प्रमुख होते, पुढची तयारी त्यांच्याच काळात सुरू झाली. म्हणून म्हणतो, कुणाला मोठं-लहान करू नका. वारसा म्हणून सांगा.

कारगिल_९९

कारगिल युद्धाच्या वेळचे प्रमुख टिपणीस, त्यांचं थोडं तरी घ्या. २६ मे १९९९ला हवाई कारवाई सुरू झाली, २७ला आपली दोन विमानं पडली, २८ला एमआय-१७ हेलिकॉप्टर पडलं, चौघे शहीद. नियंत्रणरेषा ओलांडायची नाही असा सरकारचा हुकूम. तरी पद्धत लगेच बदलली: उंचावरून हल्ले, पुढे मिराज विमानं आणि लेझर बॉम्ब, २४ जूनला टायगर हिल. काका म्हणतात तोच धागा, फक्त सहा वर्षांऐवजी काही आठवड्यांत.

चौदा_वर्षांचा_बाबा

जरा बाजूचा प्रश्न. मुलगी आठवीत आहे, पायलटच व्हायचं म्हणते. एनडीएत आता मुलींना प्रवेश आहे हे माहितीये. पुढे हुद्दे कसे चढतात?

निळी_टोपी

आधी खडकवासल्याची एनडीए, मग हैदराबादजवळ दुंडीगलची वायुदल अकादमी. फ्लाइंग ऑफिसर, फ्लाइट लेफ्टनंट, स्क्वाड्रन लीडर, विंग कमांडर, ग्रुप कॅप्टन, मग एअर कमोडोर ते एअर चीफ मार्शल. स्क्वाड्रन हाताखाली येते तोवर खूप उडायला मिळतं. वर गेलं की फायली आणि बैठका वाढतात. तिला हे आत्ताच सांगून ठेवा. आणि डोळे जपायला सांगा.

इतिहासाची_बाई

काका, तुमचं उत्तर मी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा मोठ्याने. ठरलं. सुरुवात ६ सप्टेंबरच्या पठाणकोटपासून, मग मागे जाऊन नेव्हिगेटर लाल, शेवट ३ डिसेंबर. अर्जन सिंगांचा सॅल्यूट मध्ये कुठेतरी येईलच.

दोन गोष्टी हव्यात. पायलट उड्डाणाआधी तुमच्याशी कसा वागायचा? आणि फळ्यावर पेन काढायचाय, विमान आत कसं उभं करू?

फिटर_काका

पायलट यायचा, विमानाला पूर्ण फेरी मारायचा. टायरवर हात, पंखाखाली वाकून नजर. मग फॉर्म ७००वर, म्हणजे विमानाच्या तपासणीच्या नोंदवहीत, सही. त्याच पानावर आमची सही आधीच असायची. तो आत बसला की लाल फिती लावलेल्या सेफ्टी पिना काढून, त्याला दिसतील अशा हातात धरून दाखवायच्या. तो मोजायचा, मान हलवायचा. तेवढंच. पण चांगले अधिकारी पुढे कितीही वर गेले तरी ती मान हलवणं विसरत नाहीत.

पेनमध्ये शेपटी आत, नाक बाहेर काढा. सायरन झाला की विमान वळवत बसायला वेळ नसतो.