मॅगझिन, ड्रम आणि तबकडी

दुसऱ्या महायुद्धातल्या एका सोव्हिएत सैनिकाच्या आठवणींचा अनुवाद करतेय. त्याच्याकडे पीपीएसएच-४१ ही सबमशीनगन आहे आणि तिच्या पोटाखालच्या गोल डब्याला मूळ मजकुरात 'ड्रम मॅगझिन' म्हटलंय. कोशात मॅगझिन बघितलं तर आधी नियतकालिक, मग दारूकोठार. मी 'काडतुसांचा गोल डबा' असं लिहून ठेवलंय, पण तो शब्द पानागणिक येतो आणि दर वेळी वाक्य अडखळतं. पुढे 'पॅन' मॅगझिनही येतं. दोन्ही एकच का? चांगला मराठी शब्द सुचवा.

प्रतिसाद १

मॅगझिन तसंच ठेवा. 'एक पिस्तूल, दोन मॅगझिन आणि जिवंत काडतुसे जप्त' ही बातमी आपण सगळेच वाचतो, तिथे कुणाला मासिक आठवत नाही. शिवाय हा शब्द दिसतो तेवढा परका नाही. मूळ अरबी 'मखझन', म्हणजे साठवणीची जागा, कोठार. तो इटालियन-फ्रेंचमधून इंग्रजीत गेला. त्याच धातूपासून आपला 'खजिना' आला आणि खजिनदारही. म्हणजे मॅगझिन आणि खजिना सख्खी भावंडं. ११ मे १८५७ रोजी दिल्लीत उडवून दिलेलं मॅगझिन हे दारूगोळ्याचं कोठारच होतं. १७३१ मध्ये लंडनच्या एका मासिकाने 'लेखांचं कोठार' म्हणून हे नाव घेतलं आणि नियतकालिकाचा अर्थ तिथून रुळला. मुंबईत रे रोडजवळचा दारूखाना हाही बंदुकीच्या दारूचाच. हल्ली नाव ऐकून लोकांना भलतंच वाटतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

प्रतिसाद २

मग 'खजिना'च का नको?

प्रतिसाद १

कारण वाचकाला आधी मोहरा दिसतील. व्युत्पत्ती जुळली म्हणून शब्द जुळतोच असं नाही.

प्रतिसाद ३

वस्तू डोळ्यांसमोर आणली की शब्द निवडणं सोपं जाईल. साध्या पेटीसारख्या मॅगझिनमध्ये काडतुसं एकावर एक रचलेली असतात आणि खालची स्प्रिंग त्यांना वर ढकलते. आपल्या इन्सास रायफलचं २० काडतुसांचं मॅगझिन तसं आहे. ड्रमचं तसं नाही. पीपीएसएचचा ड्रम मिसळणाच्या डब्यासारखा बसका असतो. झाकण काढलं की आत काडतुसं उभी दिसतात, चकलीच्या वळशासारख्या रांगेत. गुंडाळी स्प्रिंग त्या रांगेला तोंडाकडे रेटत नेते. ७१ काडतुसं मावतात. ही कल्पना फिनलंडच्या सुओमी सबमशीनगनवरून घेतलेली, १९३९-४० च्या हिवाळी युद्धात सोव्हिएत सैन्याने तिचा मार खाल्ल्यावर. पण ड्रम जड, भरायला वेळखाऊ, आणि एका बंदुकीचा दुसरीला नीट बसेलच असं नाही. म्हणून १९४२ पासून ३५ काडतुसांचं बाकदार मॅगझिन आलं. तुमच्या सैनिकाच्या हातात पुढे तेही येईल, तिथे 'ड्रम' लिहू नका.

पॅन वेगळं. ते बंदुकीच्या डोक्यावर आडवं बसतं, चपटं असतं, आणि आत काडतुसं आडवी, टोकं मध्याकडे करून, चाकाच्या आऱ्यांसारखी. पहिल्या महायुद्धातली लुईस गन किंवा सोव्हिएत डीपी-२७ मशीनगन आठवा, दोन्हींत ४७ काडतुसं. ड्रममध्ये मात्र काडतूस नळीला समांतर राहून गोल फिरत येतं. खूण एवढीच लक्षात ठेवा, फोटो ओळखताना चूक होत नाही. जर्मन एमजी-३४ मशीनगनला बाजूने लटकणारा ५० काडतुसांचा डबा दिसायला ड्रमसारखाच, पण आत काडतुसांचा पट्टा गुंडाळलेला असतो. ते मॅगझिन नव्हे.

प्रतिसाद १

मग पॅनला 'तबकडी'! फिनलंडच्या सैनिकांनाही डीपीच्या डोक्यावर ग्रामोफोनची तबकडीच दिसली होती, म्हणून त्यांनी 'एम्मा' या लोकप्रिय वॉल्ट्झवरून, म्हणजे नाचाच्या गाण्यावरून, तिला तेच नाव दिलं. ड्रमला मात्र 'ढोल' म्हणू नका. जर्मन ट्रॉमेल, रशियन बाराबान, फिनिश रुम्पु, तिकडे सगळ्यांनी वाद्याचंच नाव दिलंय हे खरं. पण आपला ढोल कमरेला बांधतात, तो लांबट आणि दोन तोंडांचा. आपल्याकडे 'ड्रम' म्हटलं की पाण्याचा ड्रम आठवतो, म्हणजे काहीतरी भरून ठेवायचं गोल भांडं. इथे तोच अर्थ हवा.

प्रतिसाद ४

एक भर. अमेरिकन थॉम्सन सबमशीनगनच्या ड्रमना 'एल' आणि 'सी' म्हणतात. ही आद्याक्षरं नव्हेत, रोमन आकडे आहेत: ५० आणि १००. अनुवादात 'एल ड्रम' आला तर '५० चा ड्रम' लिहा.

मूळ प्रस्तावक

सगळ्यांचे मनापासून आभार. पहिल्या उल्लेखाला 'ड्रम मॅगझिन', पुढे नुसता 'ड्रम', आणि डीपीला 'तबकडी'. वाक्य आधी होतं: 'त्याने काडतुसांचा गोल डबा बंदुकीच्या खालच्या भागात बसवला.' आता: 'बोटं गारठली होती. एकेक काडतूस उभं करत त्याने ड्रम भरला, झाकण लावलं आणि बंदुकीला चढवला.'