वचन काठीसारखं वापरलं जातं तेव्हा : ख्रिस्ती संसारातले अनुभव

सुरुवात माझ्यापासून करते. लग्नाला 14 वर्षं झाली. उपासनेहून परतताना गाडीचं दार लागलं की नवऱ्याचा हिशेब सुरू. "आज प्रार्थनेत तेच वाक्य तीनदा म्हणालीस. लोक काय म्हणत असतील?" मग मी प्रार्थना चिठ्ठीवर लिहून न्यायला लागले. ती चिठ्ठीही आदल्या रात्री तपासली जायची. शेवटी मोठ्याने प्रार्थना करणंच सोडलं. मंडळीत मात्र हाच माणूस सगळ्यांना हवाहवासा.

मी काही बोलले की उत्तर ठरलेलं : बायबलमधलं इफिसकरांस पत्र 5:22, 'स्त्रियांनो, आपापल्या पतीच्या अधीन असा'. पवित्र शास्त्रातली फीत कायम त्याच पानावर. एका दुपारी मी घरी एकटी असताना त्याच्या वरचं वचन वाचलं. 21 वं. ख्रिस्ताचं भय धरून एकमेकांच्या अधीन असा. एकमेकांच्या! पुढे एका अभ्यासू पाळकांनी सांगितलं, की काही सर्वांत जुन्या ग्रीक हस्तलिखितांत 22 व्या वचनात 'अधीन असा' हे क्रियापदच नाही, ते 21 मधूनच घ्यावं लागतं. इतकी वर्षं मला अर्धंच वाक्य ऐकवलं गेलं होतं.

तुम्ही काय सोसलंत, कसं हाताळलंत, मोकळेपणाने लिहा. नावं नकोत.

एक भाऊ : पुरुषांच्याही वाट्याला येतं हे. बायको चारचौघांत माझ्या पगारावर, बोलण्यावर बोलायची आणि दुखावलो म्हटलं की "तू फार मनाला लावून घेतोस". पाळक म्हणाले, सत्तर वेळा सात क्षमा कर. केली. पण लूक 17:3 मध्ये आधी दोष दाखव असं आहे, आणि पश्चात्ताप केला तर क्षमा कर, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आता आवाज चढला की एवढंच म्हणतो, "अर्ध्या तासाने बोलू," आणि खोलीबाहेर जातो. ती बदललेली नाही. मला झोप लागते.

निनावी : मी वही ठेवते. तारीख आणि बोललेले शब्द, जसेच्या तसे. "मी असं म्हणालोच नव्हतो" ऐकून ऐकून मलाच माझा भरवसा वाटेनासा झाला होता.

एक नवरा : मी दुसऱ्या बाजूचा आहे. एकदा बायकोने पाण्याचा ग्लास पुढे केला आणि "सॉरी" म्हणाली. काहीच झालं नव्हतं. तिचा हात थरथरत होता. त्या दिवशी मला मी दिसलो. समुपदेशकांनी फरक शिकवला : "बिल भरायचं राहिलं" ही तक्रार, "तू आहेसच बेजबाबदार" हा माणसावर घाव. मी ज्याला कानउघाडणी म्हणत होतो ते सगळं दुसऱ्या प्रकारातलं होतं. तीन वर्षं झाली, अजून जीभ घसरते. पण आता माफी मागताना "पण" जोडत नाही.

समुपदेशन करणारी एक बहीण : दोन गोष्टी कळकळीने सांगते. प्रत्येक टीकाखोर माणसाला 'नार्सिसिस्ट', म्हणजे आत्मप्रेमाचा विकार असलेला, म्हणू नका. मानसोपचाराच्या डीएसएम-5 या ग्रंथात त्या विकाराची 9 लक्षणं आहेत, त्यांतली किमान 5 लागतात, आणि निदान तज्ज्ञानेच करायचं असतं. मात्र जे दुखतं ते दुखतं म्हणायला निदानाची वाट पाहू नका. दुसरं : घरात भीती असेल तर जोडप्याने एकत्र समुपदेशनाला बसणं धोक्याचं ठरू शकतं. तिथे बोललेल्या शब्दाची शिक्षा घरी मिळते. आधी एकटीने भेटा.

घर सोडलेली : मला वाटायचं, निघून जाणं म्हणजे विश्वास कमी पडणं. मग 1 शमुवेल वाचलं. शौल राजाच्या भाल्यापासून दावीद दोनदा निसटला आणि तरी तिथेच राहिला. 19 व्या अध्यायात पुन्हा भाला आला, तेव्हा तो त्याच रात्री पळाला. त्यासाठी देवाने त्याला कुठेही दोष दिलेला नाही. मीही रात्रीच निघाले, मुलीला घेऊन. सहा महिने मंडळीत पाऊल ठेवलं नाही. आता जाते. दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसते, आणि शेजारची एक वयस्कर बाई काही न विचारता गीतांचं पुस्तक माझ्याकडे सरकवते.