खरी गोम खर्चाच्या मर्यादेत आहे

इलेक्टोरल बाँड (पक्षांना नाव जाहीर न करता देणगी देण्याचे रोखे) गेले म्हणजे निवडणुकीतला पैसा आटला, असं काही जण म्हणतात, ते काही पटलं नाही बुवा. 15 फेब्रुवारी 2024 ला सुप्रीम कोर्टाने बाँड घटनाबाह्य ठरवले ते बरंच झालं, पण महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला 40 लाख, लोकसभेला 95 लाख आणि पक्षाला? मर्यादाच नाही! 1974 मध्ये कोर्टाने पक्षाचा खर्चही उमेदवाराच्या हिशोबात धरा म्हटलं, तर सरकारने लगेच कायदाच बदलून टाकला. त्यामुळे उमेदवार चहा-वडापावचा हिशोब इमानदारीत लिहितो आणि स्टार प्रचारकांची हेलिकॉप्टरं, पक्षाच्या नावाने टीव्हीवर चालणाऱ्या जाहिराती हे सगळं पक्षाच्या खात्यात, मग मर्यादा मोडणार तरी कशी? (शेवटच्या रात्रीची पाकिटं तर कुठल्याच खात्यात नसतात.)